अर्ध्या आण्याचे टपाल : कराचीच्या डाकघराची पहिली वर्षे



गावाचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे किल्ला, वेस, देऊळ आणि बाजारपेठ यांचा उल्लेख आवर्जून होतो. टपाल कचेरीचा मात्र क्वचितच होतो. चार भिंतींची ती साधी खोली, दाराजवळची पेटी आणि शिक्के मारणारा कारकून यांत इतिहास तो काय असावयाचा, असे पुष्कळांस वाटते. तथापि सामान्य माणसाचा सरकारशी आपखुशीने आणि नित्याचा संबंध प्रथम कोठे आला, याचा शोध घेतला तर तो बहुधा टपाल कचेरीच्या खिडकीपाशी आलेला दिसतो. सारा भरण्यासाठी तो कचेरीत जाई तो सक्तीने; फिर्याद देण्यासाठी ठाण्यात जाई तो नाइलाजाने. पत्र टाकावयास मात्र तो आपण होऊन गेला, आणि आपला पैसा व आपले गुपित त्याने एका अनोळखी माणसाच्या हाती निर्धास्तपणे सोपविले. हा विश्वास कसा निर्माण झाला, याची हकिगत लोकांसाठी काम करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

या हकिगतीतील एक महत्त्वाचा अध्याय कराची या त्या काळच्या लहानशा बंदरगावी घडला. आज कराची हे पाकिस्तानातील महानगर आहे. परंतु १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्यात समाविष्ट होता, आणि आशिया खंडातील पहिले चिकटवावयाचे टपाल तिकीट १ जुलै १८५२ रोजी त्याच प्रांतात प्रचारात आले. म्हणजे ही हकिगत एका अर्थी आपल्याच प्रशासनाच्या इतिहासातील आहे.

तटाच्या आतले गाव

शेठ नाओमल होतचंद यांच्या आठवणींनुसार हब नदीच्या मुखावरील खरक बंदर गाळाने भरून आले, म्हणून तेथील व्यापाऱ्यांनी १७२९ मध्ये कराचीत वस्ती केली व गावाभोवती तट उभारला. या तटाला दोन वेशी होत्या. समुद्राच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या बाजूची ती खारादर आणि ल्यारी नदीच्या, म्हणजे गोड्या पाण्याच्या बाजूची ती मीठादर. तट गेला, वेशी गेल्या; मोहल्ल्यांची नावे मात्र अद्याप तीच आहेत.

फेब्रुवारी १८३९ मध्ये इंग्रजांनी मनोऱ्याचा किल्ला व त्यासोबत कराची ताब्यात घेतली, तेव्हा गावाची वस्ती सुमारे १४,००० होती. १८४३ मध्ये मियाणीच्या लढाईनंतर सारा सिंध कंपनीच्या अमलाखाली आला. सर चार्ल्स नेपियर यांनी राज्यकारभाराचे ठाणे हैदराबादेहून कराचीस आणले. छावणी उभी राहिली, बंदरावर गलबते वाढली, वखारी आल्या. १८४६ मध्ये पटकीच्या साथीस आळा घालण्यासाठी स्वच्छता मंडळ स्थापन झाले, आणि १८५२-५३ मध्ये त्याचे रूपांतर नगरपालिकेत झाले. ज्या सुमारास गावाला नगरपालिका मिळाली, त्याच सुमारास त्याला नव्या पद्धतीचे टपालही मिळाले. दोन्ही संस्था एका वयाच्या आहेत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

सिंधमध्ये निरोप पाठविण्याची सोय त्यापूर्वी नव्हती असे मुळीच नाही. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या काबूल व बुखाऱ्यापर्यंत चालत. ज्यांची हुंडी इतक्या दूर जाते, त्यांचे पत्रही तितक्याच दूर जाणार हे उघड आहे. राज्यकर्त्यांचे जासूद होते, पेढ्यांचे काशीद होते. परंतु काशीद ठेवणे पेढीवाल्यास परवडे. छावणीतील शिपायाला, बंदरावरील हमालाला किंवा लेक दूर गावी दिलेल्या आईला ते कसे परवडावे? पत्राची गरज सर्वांची असली तरी पत्राची सोय काही थोड्यांचीच होती.

अंतराचे ओझे

कंपनी सरकारने १८३७ च्या कायद्याने टपाल वाहून नेण्याचा एकाधिकार आपल्याकडे घेतला होता. मात्र टपालाचा आकार वजनाबरोबरच अंतरावरही अवलंबून असे. कलकत्त्याहून मुंबईस एक तोळा वजनाचे पत्र पाठवावयाचे तर एक रुपया पडे, आणि आग्र्यास पाठवावयाचे तर बारा आणे. सरकारी अधिकाऱ्यांना विनामूल्य पत्रे धाडण्याची सवलत होती. परिणाम असा झाला की ज्यांना पैसे देणे शक्य होते त्यांना ते द्यावे लागत नव्हते, आणि ज्यांना द्यावे लागत होते त्यांना ते शक्य नव्हते.

या पद्धतीचा दुसरा दोष डोळ्यांस सहज न दिसणारा, परंतु अधिक खोल होता. प्रत्येक पत्राचे वजन करावयाचे, अंतर पाहावयाचे, आकार ठरवावयाचा, तो कोणी दिला व कोणी द्यावयाचा आहे याची नोंद करावयाची, आणि दुसऱ्या टोकाला घेणाऱ्याकडून तो वसूल करावयाचा. घेणाऱ्याने पत्र नाकारले तर सारा खटाटोप व्यर्थ. पुष्कळ ठिकाणी टपालाचे काम जिल्हाधिकाऱ्यावर त्याच्या इतर कामांबरोबरच सोपविलेले असे. साहजिकच ते शेवटच्या क्रमांकावर पडे.

इंग्लंडात रोलंड हिल यांनी १८३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत नेमक्या याच ठिकाणी बोट ठेवले होते. पत्र वाहून नेण्याचा प्रत्यक्ष खर्च अत्यल्प असून खरा खर्च हिशेब ठेवण्याचा आणि वसुलीचा आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. अंतर कितीही असो, दर एकच ठेवा. तो कमी ठेवा. आणि पाठविणाऱ्याकडून आधीच घ्या, हे त्यांचे सूत्र होते. पैसे दिल्याची खूण म्हणून पत्रावर तिकीट लावले की हिशेबाच्या वह्यांचे काम संपले. मे १८४० मध्ये इंग्लंडात एक पेनीचे तिकीट चालू झाले. बारा वर्षांनी हीच कल्पना सिंधच्या वाळवंटात अवतरली.

साताऱ्याहून सिंधला

ही कल्पना सिंधमध्ये आणणारे आयुक्त बार्टल फ्रियर हे महाराष्ट्राला अपरिचित नव्हते. १८३४ मध्ये मुंबईस आल्यानंतर त्यांच्या नोकरीची प्रारंभीची वर्षे पुण्याकडे गेली. पुढे ते साताऱ्याच्या दरबारी रेसिडेंट झाले. १८४८ मध्ये सातारचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज निवर्तले व १८४९ मध्ये ते राज्य खालसा झाले. त्या आधी व नंतर साताऱ्याचा कारभार फ्रियर यांच्याच हाती होता. १८५० मध्ये त्यांची नेमणूक सिंधच्या आयुक्तपदी झाली. त्यानंतर १८६२ ते १८६७ ते मुंबईचे गव्हर्नर होते आणि मुंबईच्या कोटाच्या भिंती त्यांच्याच काळात पाडल्या गेल्या. परकीय सत्तेचे ते निष्ठावंत सेवक होते, याविषयी दुमत नाही. त्यांनी सुधारलेली टपालव्यवस्था मूलतः सरकारी कचेऱ्या व लष्करी ठाणी जोडण्यासाठी होती, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

सिंधची भूमी टपालास अनुकूल नव्हती. एका बाजूस वाळवंट, दुसऱ्या बाजूस उन्हाळ्यात फुगून मैलोगणती पसरणारी सिंधू नदी. पावसाळ्यात समुद्र खवळला की देशी गलबते बंदरात अडकून पडत. पायी डाक नेणारा हरकारा कितीही काटक असला तरी अशा मुलखात त्याच्या वेगाला मर्यादा होती. फ्रियर यांनी पायी हरकाऱ्यांच्या जागी घोडेस्वार व सांडणीस्वार नेमले आणि सिंधूच्या खोऱ्यातील कचेऱ्या व ठाणी एका साखळीत गुंफली.

कराचीच्या टपाल कचेरीचे पोस्टमास्तर होते एडवर्ड लीस कॉफी. फ्रियर यांना या कामी त्यांचे मोठे साहाय्य झाले. सबंध सिंध प्रांतात पत्रास अर्धा आणा हा एकच दर ठरला. अर्धा आणा म्हणजे रुपयाचा बत्तिसावा भाग. तो आधी भरावयाचा आणि भरल्याची खूण म्हणून पत्रावर तिकीट लावावयाचे.

तिकिटाचे तीन अवतार

हे तिकीट वाटोळे होते. भोवती पट्टा व बक्कल, त्या पट्ट्यावर ‘सिंध डिस्ट्रिक्ट डाक’ ही अक्षरे, मध्यभागी ईस्ट इंडिया कंपनीचे व्यापारी चिन्ह आणि खाली किंमत. मालाच्या गाठींवर उमटविले जाणारे हे चिन्ह बंदरावरच्या माणसांना अक्षरओळख नसतानाही ओळखता येण्याजोगे होते. अक्षरे इंग्रजी असली तरी त्यांत ‘डाक’ हा शब्द आपल्याकडचा आहे. आशियातील पहिल्या तिकिटावर एक देशी शब्द विराजमान झाला, ही नोंद भाषेच्या अभ्यासकांनी अवश्य करून ठेवावी.

तिकिटे तीन प्रकारची निघाली. एक प्रकार तांबड्या लाखेच्या चकतीवर ठसा उमटवून केलेला होता. लाख दिसावयास सुरेख, परंतु ठिसूळ. उंटाच्या पाठीवरील थैलीत आपटून, उन्हाने तापून तिचे तुकडे पडत. दुसरा प्रकार पांढऱ्या कागदावरील बिनशाईच्या उठावाचा. तो टिकाऊ होता, पण मंद प्रकाशात नजरेस सहज येत नसे. तिसऱ्या प्रकारात निळ्या रंगाचा उपयोग केला गेला. लाख, उठाव आणि रंग या तीन प्रयोगांत एका लहान कचेरीच्या अडचणींचे प्रतिबिंब पडलेले आहे. नवी योजना कागदावर कितीही निर्दोष असली तरी ती उंटाच्या पाठीवर टिकते काय, आणि दिव्याच्या उजेडात कारकुनाला दिसते काय, यावरच तिचे यश अवलंबून असते. अंमलबजावणीचे काम करणाऱ्या कोणत्याही अधिकाऱ्याला हा धडा नवा वाटणार नाही.

आज ही तिकिटे अतिदुर्मीळ झाली असून जगभरचे संग्राहक त्यांच्या मागे असतात. लाखेचे तिकीट तर अभंग स्थितीत सापडणे जवळजवळ अशक्य झाले आहे.

लिपी, शाळा आणि पत्र

टपाल स्वस्त झाले म्हणून पत्रे आपोआप वाढत नाहीत. पत्र लिहिणारा हवा, वाचणारा हवा आणि दोघांना समान अशी लिपी हवी. सिंधमध्ये या बाबतीत मोठी अडचण होती. दरबाराची भाषा फारसी होती. सिंधी व्यापाऱ्यांची स्वतंत्र लिपी होती. परंतु आपल्याकडील जुन्या हिशेबी मोडीप्रमाणे ती ज्याची त्याने सवयीने वाचावयाची. स्वरचिन्हे बहुधा गाळलेली असल्याने एका पेढीचे लिखाण दुसऱ्या पेढीवर बिनचूक वाचले जाईलच, अशी शाश्वती नसे. निरनिराळे समाज निरनिराळ्या लिप्या वापरीत.

फ्रियर यांच्याच कारकिर्दीत सिंधी भाषेला कारभारात स्थान मिळाले आणि १८५३ मध्ये अरबी वळणाची ५२ अक्षरांची सिंधी लिपी प्रमाण म्हणून ठरविण्यात आली. या कामात साहाय्यक आयुक्त बॅरो एलिस यांचा मोठा वाटा होता. तिकीट १८५२ चे, लिपी १८५३ ची आणि कराचीतील पहिली सरकारी शाळा १८५५ ची. हा क्रम पाहिला म्हणजे टपाल, लिपी आणि शाळा या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने कशा उभ्या राहतात, हे ध्यानात येते.

या शाळेशी एका महाराष्ट्रीय गृहस्थाचे नाव कायमचे निगडित झाले आहे. नारायण जगन्नाथ वैद्य हे सिंधच्या शिक्षण खात्यात उपनिरीक्षक होते. सिंधमध्ये आधुनिक शिक्षणाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. १८६८ मध्ये व्यापाऱ्यांच्या सिंधी लिपीला शालोपयोगी व शुद्ध रूप देण्याचे काम मुंबई सरकारने त्यांच्यावर सोपविले. कराचीतील ही शाळा आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. शिक्षकाचे नाव सीमा ओलांडून टिकते, याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

१ ऑक्टोबर १८५४

सिंधचे तिकीट फार काळ चालले नाही. कंपनी सरकारने १८५० मध्ये टपालाच्या चौकशीसाठी नेमलेल्या तीन सदस्यांच्या आयोगाचा अहवाल आला, १८५४ चा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून संपूर्ण देशासाठी एकच व्यवस्था अमलात आली. रिडेल हे टपाल खात्याचे पहिले महासंचालक नेमले गेले. त्या वेळी त्यांच्या अखत्यारीत सुमारे ७०० टपाल कचेऱ्या होत्या. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्रास अर्धा आणा, अर्ध्या तोळ्यापर्यंत एक आणा आणि एक तोळ्यापर्यंत दोन आणे असा दर ठरला; अंतराचा प्रश्नच उरला नाही. कलकत्त्याहून मुंबईस येणाऱ्या ज्या पत्रास पूर्वी एक रुपया पडे, ते आता दोन आण्यांत येऊ लागले. तिकीट न लावलेल्या पत्रास दुप्पट आकार बसविण्यात आला, त्यामुळे आगाऊ पैसे भरण्याची सवय लोकांच्या अंगवळणी पडली. कलकत्त्याच्या भूमापन कचेरीत छापलेले अर्ध्या आण्याचे निळे तिकीट देशभर चालू झाले, आणि सिंधचे वाटोळे तिकीट निवृत्त झाले. कराचीच्या कचेरीने जो प्रयोग सव्वादोन वर्षे केला, तोच आता देशाचा नियम ठरला होता.

यानंतरची प्रगती शीघ्र होती. १३ मे १८६१ रोजी कराची ते कोटरी हा लोहमार्ग खुला झाला व सांडणीस्वाराच्या थैलीची जागा रेल्वेच्या डब्याने घेतली. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले, १८८० मध्ये टपाल खात्याची मनिऑर्डर सुरू झाली, १८८२ मध्ये टपाल बचत बँक उघडली. कोकणातील हजारो कुटुंबांच्या चुली मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर पेटत. पाठविलेला पैसा खेड्यातील घराच्या उंबरठ्यावर मोजून हाती पडे, हा अनुभव पिढ्यान् पिढ्यांचा आहे. लहान गावी शाखा टपाल कचेरी अनेकदा शाळामास्तरांकडेच असे. दिवसा मुलांना अक्षरे शिकवावयाची, आणि त्याच अक्षरांत आलेली पत्रे गावकऱ्यांना वाचून दाखवावयाची, असे दुहेरी कार्य त्यांनी अल्प मोबदल्यात केले.

सीमेपलीकडे आणि अलीकडे

१९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. नव्या पाकिस्तानकडे आपली तिकिटे नव्हती. तेव्हा भारताच्या तिकिटांवर ‘पाकिस्तान’ ही अक्षरे छापून ती १ ऑक्टोबर १९४७ पासून चालविण्यात आली. या छपाईचा मोठा भाग आपल्या नाशिकच्या प्रतिभूती मुद्रणालयात झाला होता. त्याच सुमारास कराची, हैदराबाद, शिकारपूर येथील असंख्य सिंधी कुटुंबे घरदार सोडून मुंबईकडे आली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांची वस्ती झाली, आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. गाव बदलले, देश बदलला, नातलग विखुरले. अशा वेळी माणसाला ‘अमुक येथे सुखरूप आहे’ एवढे कळणे किती मोलाचे असते, याची कल्पना ज्यांनी तो काळ सोसला त्यांनाच यावी. १९५२ मध्ये पाकिस्तानने सिंध डाकेच्या शताब्दीनिमित्त खास तिकिटे काढली आणि १९५४ मध्ये भारताने आपल्या टपाल तिकिटांची शताब्दी साजरी केली. दोन्ही देशांच्या टपालाचे मूळ एकाच कचेरीपर्यंत पोहोचते, ही गोष्ट यावरून स्पष्ट व्हावी.

पत्ता अचूक असावा, हा प्रश्न पुढेही राहिलाच. एका नावाची अनेक गावे, अनेक भाषा आणि अनेक लिप्या असलेल्या देशात तो सोडविण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड पद्धती सुरू झाली. तिचे शिल्पकार श्रीराम भिकाजी वेलणकर हे महाराष्ट्राचे सुपुत्र व संस्कृतचे कवी होते. लिपी कोणतीही असो, सहा अंक सर्वांना वाचता येतात. कराचीच्या तिकिटावरील व्यापारी चिन्हामागे जे तत्त्व होते, तेच येथे अधिक शास्त्रशुद्ध रूपात दिसते.

काळाबरोबर टपालाची साधने बदलली. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली. १ सप्टेंबर २०१८ रोजी टपाल खात्याची पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली. १८९८ च्या जुन्या कायद्याची जागा घेणारा २०२३ चा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला. देशात आज दीड लाखांहून अधिक टपाल कचेऱ्या असून त्यांतील बहुसंख्य खेड्यांत आहेत. पत्रे कमी झाली, हे खरे; परंतु अनुदान, निवृत्तिवेतन आणि बचत यांसाठी खेड्यातील वृद्ध माणूस अद्याप त्याच खिडकीशी उभा राहतो आणि ग्रामीण डाक सेवकाची वाट पाहतो.

कराचीच्या कचेरीपासून घ्यावयाचा बोध या ठिकाणी उपयोगी पडतो. सेवा स्वस्त करावयाची असेल तर प्रथम तिच्यातील अनावश्यक नोंदी व हेलपाटे कमी करावेत. दर सर्वांना सारखा व आधी माहीत असलेला असावा. आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही समजेल अशी एखादी खूण तिच्यात असावी. ग्रामपंचायतीचा दाखला असो, शाळेचा प्रवेश असो वा तहसीलातील अर्ज असो, ही तीन पथ्ये तेथेही लागू पडतात. लोकांचा विश्वास घोषणांनी संपादन होत नाही. काल टाकलेले पत्र पोहोचले, आज टाकलेलेही पोहोचेल, असा अनुभव रोज येत राहिला म्हणजे तो हळूहळू साठतो.

आपल्या गावच्या टपाल कचेरीचाही असा काही इतिहास असेलच. ती कोणत्या साली उघडली, पहिले पोस्टमास्तर कोण होते, थैली कोणत्या वाटेने येत असे, कोणत्या पुरात ती अडली आणि कोणी ती पाण्यातून पार केली, हे सांगणारी वृद्ध मंडळी अद्याप अनेक गावांत आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकरवी त्या आठवणी टिपून घ्याव्यात आणि पंचायतींनी त्या आपल्या दप्तरात जपाव्यात. एका वर्षाचा अभ्यासक्रम म्हणून हे काम हाती घेतले, तरी जिल्ह्याच्या इतिहासात मोलाची भर पडेल.